केअर प्लॅन फाईलमध्ये, पेशंट खाटेवर: नर्सिंग प्रोसेस वॉर्डात लिहायची कशी?

शुश्रूषा_वर्ग

जीएनएम (नर्सिंग डिप्लोमा) आणि बीएस्सी नर्सिंगच्या मुलामुलींचे केअर प्लॅन, म्हणजे शुश्रूषेच्या लेखी योजना, सुबक असतात. आडवं पान, सहा रकाने, लाल शाईचं अधोरेखन. तीच मंडळी ड्यूटीवर लागली की नोट येते: "पेशंट कॉन्शस, ओरिएंटेड. व्हायटल्स स्टेबल. ऑर्डरप्रमाणे ट्रीटमेंट दिली. फ्रेश कंप्लेंट नाही." ही नोट वॉर्डातल्या कुठल्याही खाटेला चालते, आणि तीच तिची अडचण आहे.

म्हणून इथे एकच काल्पनिक पेशंट घेऊन शेवटपर्यंत जाऊ. वय ६८, बाई, वजन ५५ किलो, मधुमेह. बाथरूममध्ये पडून उजव्या खुब्याचं हाड मोडलं, काल दुपारी स्पायनलखाली (कमरेखालची भूल) हेमिआर्थ्रोप्लास्टी झाली, म्हणजे खुब्याचा मोडलेला गोळा काढून कृत्रिम बसवला. आज पहिला दिवस. सलाईन, युरिन कॅथेटर आणि एक ड्रेन (जखमेतलं रक्त बाहेर काढणारी नळी) आहे. उभं करायला सर्जनची परवानगी आहे.

नर्सिंग प्रोसेसच्या पाच पायऱ्या सगळ्यांना पाठ आहेत: निरीक्षण, नर्सिंग डायग्नोसिस (समस्या, कशामुळे, पुरावा), नियोजन, अंमलबजावणी, मूल्यमापन. घोळ होतो तो दुसऱ्या पायरीत, "कशामुळे" या भागात. मुलं तिथे पुस्तकातलं एक वाक्य उतरवतात आणि पुढे जातात. खरं तर पुढचा अख्खा प्लॅन त्याच शब्दांवर ठरतो. "हालचाल कमी" ही समस्या घ्या. बाई हलत नाहीत त्या दुखतंय म्हणून? पुन्हा पडू अशी भीती आहे म्हणून? उभं केल्यावर बीपी उतरतं म्हणून? की पायात ताकदच नाही? दुखत असेल तर वेदनाशामक औषध आणि फिजिओ यांच्या वेळा जुळवायच्या. भीती असेल तर औषध देऊन काही होणार नाही. बीपी उतरत असेल तर आधी झोपून आणि बसून बीपी मोजायचं. चारही ठिकाणी "पेशंटला हालचालीस प्रोत्साहन द्या" लिहून चालतं, म्हणूनच ते लिहिलं जातं.

ध्येय लिहिताना वेळ आणि माप दोन्ही हवं. "पेशंटला आराम वाटेल" हे मोजता येत नाही. "आज १८:०० पर्यंत वॉकर आणि एका माणसाच्या आधाराने खाटेशेजारी २ मिनिटं उभ्या राहतील, तेव्हा वेदना १० पैकी ४ किंवा कमी असेल" हे मोजता येतं. संध्याकाळच्या सिस्टरला हो किंवा नाही यातलं एक उत्तर देता आलं पाहिजे.

आपापल्या वॉर्डात काय चुकतं आणि का, ते लिहा.

नवखा_ब्रदर

मॅडम, मी "फ्रॅक्चरमुळे तीव्र वेदना" असं लिहिलं होतं, ते गाईडने कापलं. पेशंटला फ्रॅक्चरच होतं की. चूक काय?

शुश्रूषा_वर्ग

ब्रदर, कारणाच्या जागी वैद्यकीय निदान आलं, म्हणून कापलं. त्या जागी असं काही हवं ज्यावर नर्सला काम करता येईल. फ्रॅक्चरचं काम सर्जनने केलं. नर्सच्या हातात आहे ती शस्त्रक्रियेच्या जागेची सूज, कूस बदलताना पायाला बसणारा हिसका, आखडलेले स्नायू. तेव्हा "शस्त्रक्रियेने ऊतींना झालेली इजा आणि कूस बदलताना पाय पिळला जाणं यांमुळे तीव्र वेदना, पुरावा: हलताना ८/१०, चेहरा आक्रसणं, नाडी १०४". पाय पिळला जातो असं लिहिलंत की उपाय आपोआप सुचतो: दोघांनी मिळून, ड्रॉशीट (पेशंटखालची आडवी चादर) धरून, गुडघ्यांमध्ये उशी ठेवून ओंडक्यासारखं सरळ वळवायचं.

अजून एक. "धोका" या प्रकारच्या डायग्नोसिसला लक्षणं नसतात, कारण समस्या अजून झालेलीच नाही. तिथे धोक्याचे घटक लिहायचे. "जंतुसंसर्गाचा धोका, पुरावा: ताप १०२" असं लिहिलेलं सर्रास दिसतं. ताप आला म्हणजे धोका सरला, आता डॉक्टरांना कळवायची वेळ आहे.

शल्यवॉर्ड

केअर प्लॅनमध्ये पहिल्या क्रमांकावर वेदना बघून आमच्यासारख्यांना जरा धडकी भरते. शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या २४ तासांत या बाईंच्या जिवाला धोका रक्तस्रावाचा आहे. आधी श्वास, मग रक्ताभिसरण, मग वेदना. क्रम लावताना एवढं पुरे.

खुब्याच्या ऑपरेशननंतर दर वेळी पाहायच्या आणि नोटमध्ये यायलाच हव्यात अशा गोष्टी:

ड्रेसिंग भिजलंय का. भिजलं असेल तर डागाच्या कडेने पेनाने रेघ मारून वेळ लिहायची, म्हणजे पुढच्या ड्यूटीला डाग वाढला की नाही ते कळतं. "सोकेज थोडं" याला अर्थ नाही.

ड्रेनमध्ये किती मिली आणि रंग कसा. इथे एक सापळा आहे. ड्रेन एकाएकी थांबला की "निल" लिहून मोकळं होतात. नळी मुडपलेली असू शकते, गुठळीने बंद झालेली असू शकते, व्हॅक्यूम गेलेला असू शकतो. रक्त आत साठत असतं आणि कागदावर शून्य असतं. निल लिहिण्याआधी नळी हाताने चाचपून बघायची आणि तसं लिहायचं.

उजव्या पावलाची नाडी, बोटांची ऊब, नखावर दाबल्यावर २ सेकंदांत रंग परत येतो का. आणि पंजा वर ओढता येतो का. मागच्या बाजूने केलेल्या ऑपरेशनमध्ये सायॅटिक नर्व्हला (मांडीमागून पायात जाणारा मोठा मज्जातंतू) ताण बसू शकतो. पंजा लोंबला तर ते पहिल्यांदा नर्सच्याच लक्षात येतं. मात्र स्पायनलचा असर पूर्ण उतरला का हे आधी लिहिलेलं नसेल तर पंजा न हलण्याचा अर्थ लावता येत नाही. दोन्ही पायांची नोंद करा, फक्त ऑपरेशनच्या पायाची नको.

लघवी तासाला किलोमागे अर्धा मिली तरी हवी. ५५ किलोला तासाला २७.५ मिली, म्हणजे सहा तासांच्या ड्यूटीत साधारण १६५ मिली. "युरिन आउटपुट ॲडिक्वेट" असं लिहिण्यापेक्षा आकडा लिहा, हिशेब वाचणारा करेल.

रक्तस्राव, शिरेत गुठळी, साखर फार खाली जाणं या गोष्टी नर्स एकटी सोडवू शकत नाही. त्यांना नर्सिंग डायग्नोसिसच्या साच्यात कोंबू नका. "गुंतागुंतीवर लक्ष" म्हणून वेगळ्या लिहा: काय पाहणार, किती वेळाने, आणि कोणत्या आकड्याला डॉक्टरांना बोलावणार.

टीपीआर

आता माझा आवडता विषय, श्वसनाचा दर. कुठल्याही वॉर्डातला टीपीआर (ताप, नाडी, श्वसन) चार्ट उघडा. नाडी ७२, ८८, ९६ अशी हलते आणि श्वसन रांगेने १८, १८, २०, १८. कारण ते मोजलेलं नसतं. पेशंट बिघडायला लागला की बहुतेक वेळा सगळ्यांत आधी हाच आकडा वाढतो, आणि नेमका तोच खोटा. पूर्ण ६० सेकंद मोजायचं, आणि पेशंटला सांगून नाही. नाडी धरल्याचं दाखवून छातीकडे बघायचं.

दुसरं, इनटेक-आउटपुट. इनटेकमध्ये सलाईनच्या बाटल्या येतात, पण पॅरासिटामॉलची १०० मिलीची बाटली येत नाही. दिवसातून चार वेळा दिली तर ४०० मिली गायब. अँटिबायोटिक ज्या १०० मिलीत घातलं तेही गायब. तोंडाने "चहा १ कप" लिहितात, कप ८० मिलीचा की १५० चा? आपल्या वॉर्डातला कप, वाटी, ग्लास एकदा मोजून भिंतीवर लावा. आउटपुटमध्ये उलटी आणि ड्रेन विसरतात. कॅथेटर धुतला असेल तर आत सोडलेलं पाणी आउटपुटमधून वजा करायचं.

थेंबांचा हिशेबही लिहून ठेवलेला बरा. ५०० मिली ४ तासांत म्हणजे तासाला १२५ मिली. आपला नेहमीचा सेट २० थेंबांना १ मिलीचा, म्हणजे मिनिटाला ४२ थेंब. मायक्रोड्रिपचे ६० थेंब म्हणजे १ मिली, तिथे थेंब आणि तासाचे मिली सारखेच येतात: १२५. सेट बदलला आणि थेंब तेच ठेवले की तिप्पट फरक पडतो. बाटलीवर पट्टी चिकटवून वेळेच्या खुणा करा. पट्टीवरच लिहा, प्लॅस्टिकवर मार्कर नको.

रातपाळी

सगळं पटलं. पण रात्री तिसेक पेशंटांमागे दोघी सिस्टर असतात. प्रत्येकाला पाच पायऱ्यांचं पान लिहायला बसलं तर पेशंट कोण बघणार? पर्याय सांगा, आदर्श नको.

शुश्रूषा_वर्ग

ताई, वॉर्डातल्या नोटला सहा रकाने लागतच नाहीत. नेहमीच्या गोष्टी, म्हणजे व्हायटल्स (नाडी, बीपी, श्वसन, ताप), कूस, कॅन्युला (शिरेत बसवलेली नळी), साखर, या तक्त्यात टिक आणि आकड्यांत जाऊ द्या. नोट फक्त तिथे लिहा जिथे काही वेगळं दिसलं, काही केलं किंवा काही बदललं. त्यासाठी फोकस चार्टिंगचा साचा सुटसुटीत आहे: माहिती, कृती, प्रतिसाद. आपल्या बाईंची सकाळची नोट अशी होईल:

"०९:४० फोकस: हलताना वेदना.
माहिती: 'पाय हलवला की कळ कमरेत जाते' असं सांगतात. हलताना ८/१०, स्थिर ४/१०. नाडी १०४, बीपी १४८/८६, श्वसन २०. ड्रेसिंग कोरडं. दोन्ही पंजे वर ओढतात, बोटं उबदार.
कृती: ०९:४५ पॅरासिटामॉल १ ग्रॅम शिरेतून १५ मिनिटांत, ऑर्डरप्रमाणे. गुडघ्यांमधली उशी नीट केली. फिजिओ १०:३० ला ठरवली.
प्रतिसाद: १०:२० हलताना ४/१०. १०:३५ वॉकरने उभ्या केल्या, १ मिनिटात चक्कर. बीपी १०४/६४. लगेच झोपवलं. १०:५० बीपी १२६/७८, चक्कर नाही. निवासी डॉक्टरांना १०:५५ ला कळवलं."

एवढं लिहायला तीन-चार मिनिटं लागतात. आता यातली शेवटची ओळ पाहा. सकाळी हालचाल कमी असण्याचं कारण वेदना होतं. वेदना ४ वर आली तरी बाई उभ्या राहू शकल्या नाहीत, म्हणजे कारण बदललं. झोपलेल्या स्थितीतून उभं केल्यावर वरचं बीपी २० किंवा त्याहून जास्त उतरलं तर ते पोश्चरल हायपोटेन्शन. इथे प्लॅनमध्ये "ध्येय अंशतः साध्य, तसंच चालू" लिहिणं म्हणजे मूल्यमापन झालंच नाही. कारण खोडून नवं लिहायचं. उपायही बदलतात: आधी पलंगाच्या कडेला पाय सोडून ५ मिनिटं बसवणे, झोपून-बसून-उभं असं तिन्ही वेळा बीपी, आणि हिमोग्लोबिनबद्दल डॉक्टरांना विचारणे.

जाता जाता: प्रौढांसाठी पॅरासिटामॉल १ ग्रॅम सगळ्यांना सरसकट नाही. ५० किलोंच्या खाली शिरेतला डोस किलोमागे १५ मिलिग्रॅमने काढतात. आपल्याकडच्या बारीक अंगाच्या म्हाताऱ्या बायांमध्ये हे बरेचदा लागू पडतं, आणि केस पेपरवर वजनाचा रकाना कोराच असतो.

कागदपत्रे

मी क्वालिटी विभागाच्या बाजूने लिहिते. ऑडिटला फाईल उघडली की पुढच्या गोष्टी शोधल्या जातात.

वेळ २४ तासांच्या घड्याळाने. प्रत्येक नोंदीला वेळ, सही, नाव आणि पद. नुसती वेलांटीदार सही चालत नाही.

चूक झाली तर एक आडवी रेघ, खालचं वाचता आलं पाहिजे, वर "चुकीची नोंद", सही आणि वेळ. पांढरी शाई लावली, कागद चिकटवला, पान फाडलं की उरलेल्या खऱ्या नोंदीवरही कोणी विश्वास ठेवत नाही. दोन नोंदींमध्ये रिकाम्या ओळी सोडू नका. राहिलेली नोंद नंतर लिहायची असेल तर "उशिरा नोंद" म्हणून आत्ताची वेळ टाका आणि घटना कधीची ते मजकुरात लिहा. ओळींच्या मधे घुसवू नका.

औषध देण्याआधी सही करून ठेवणं ही सगळ्यांत घातक सवय. राऊंडच्या आधी ट्रीटमेंट शीटवर सगळ्या टिका मारायच्या आणि मग ट्रॉली काढायची. मधे पेशंट एक्स-रेला गेला, औषध राहिलं, कागदावर दिलेलं. दिलं नाही तर रिकामं सोडू नका, गोल करून कारण लिहा: उपाशी ठेवलंय, नकार दिला, स्टॉकमध्ये नाही.

आकड्यांबद्दल: "०.५ मिग्रॅ" लिहा, ".५" नको, टिंब दिसत नाही आणि ५ वाचलं जातं. "१ मिग्रॅ" लिहा, "१.०" नको, १० होतात. इन्सुलिनला "युनिट" पूर्ण लिहा. इंग्रजी यू हे अक्षर शून्यासारखं दिसतं आणि ४ चे ४० होतात. आपल्याकडे ४० आणि १०० युनिटच्या दोन्ही व्हायल मिळतात आणि सिरिंजही दोन. १०० ची व्हायल ४० च्या सिरिंजने भरली तर अडीचपट डोस जातो. व्हायल आणि सिरिंज दोघींनी वाचायची, दोघींनी सही करायची.

फोनवरची ऑर्डर लिहून घ्या, परत वाचून दाखवा, "वाचून दाखवली" असं लिहा, आणि संस्थेने ठरवलेल्या मुदतीत डॉक्टरांची सही घ्या.

कायद्याचं म्हणाल तर मेडिकल कौन्सिलच्या २००२ च्या नियमांनुसार आंतररुग्णांचे कागद उपचार सुरू झाल्यापासून ३ वर्षं जपायचे आणि पेशंटने मागितले तर ७२ तासांत द्यायचे. म्हणजे तुमची "फ्रेश कंप्लेंट नाही" ही ओळ नातेवाइकांच्या हातात जाणार आहे, हे धरूनच लिहा.

बेड_नं_१२

पेशंट पडला तर काय लिहायचं? आमच्याकडे दोन मतं आहेत.

कागदपत्रे

डोळ्यांनी पडताना बघितलं तरच "पडले" लिहा. नाहीतर "०३:१० वाजता खाटेच्या डाव्या बाजूला जमिनीवर बसलेल्या आढळल्या". मग शुद्ध, जीसीएस (शुद्धीचे गुण), बाहुल्या, व्हायटल्स, कुठे मार, पायाची लांबी आणि ठेवण, साइड रेल कोणत्या स्थितीत होत्या, कोणाला कळवलं. बाई काय म्हणाल्या ते त्यांच्याच शब्दांत. कोणाची चूक, मावशी कुठे होत्या, स्टाफ कमी होता, हे केस पेपरवर नाही. त्यासाठी इन्सिडंट रिपोर्टचा वेगळा फॉर्म आहे.

या बाईंचा मॉर्स स्कोअर, म्हणजे पडण्याच्या धोक्याचे गुण, आधीच काढलेला असला पाहिजे. नुकत्याच पडल्या २५, दुसरा आजार १५, वॉकर १५, सलाईन २०, चालणं बिघडलेलं २०, स्वतःच्या मर्यादांची जाणीव ठीक ०. बेरीज ९५. बऱ्याच ठिकाणी ४५ पासून जास्त धोका धरतात.

सुधा_के

स्कोअरवरून आठवलं. बेडसोरचा ब्रेडन स्कोअर काढतात, १४ लिहितात, आणि सगळ्यांना एकच प्लॅन: "दर २ तासांनी पोझिशन". बेरजेपेक्षा तिच्या आतले आकडे कामाचे; आकडा जितका कमी तितका धोका जास्त. या बाईंचे असे येतील: संवेदना ४, ओल ३, हिंडणं-फिरणं १, खाटेवरची हालचाल २, आहार २, घर्षण २. घसरण कुठे आहे ते लगेच दिसतं. ओलीसाठी डायपर-क्रीमचा खटाटोप नको. टाचा उचला, ड्रॉशीट वापरा आणि आहारतज्ज्ञांना बोलवा.

टाचेसाठी पोटरीखाली उशी, टाच पूर्ण अधांतरी. पाण्याने भरलेले ग्लोव्हज टाचेखाली ठेवायची पद्धत अजून कुठे कुठे दिसते, ती सोडा. तसंच स्पिरिट-पावडर लावून लाल झालेल्या जागेचा मसाज. खालच्या पेशी आधीच रक्ताविना असतात, चोळल्याने त्या आणखी फाटतात. लाल जागा बोटाने दाबून बघायची. पांढरी होऊन परत लाल झाली तर ठीक, तशीच लाल राहिली तर बेडसोरची पहिली पायरी सुरू झाली. सावळ्या कातडीवर लाली दिसत नाही, तिथे आजूबाजूपेक्षा गरम, टणक, जांभळट किंवा दुखरं आहे का ते हात लावून बघा आणि तसंच लिहा.

डोक्याकडची बाजू ३० अंशांपेक्षा जास्त वेळ वर ठेवली की पेशंट खाली सरकतो आणि माकडहाडावरची कातडी ओढली जाते. जेवताना मात्र उठवून बसवावंच लागतं. तेव्हा नुसतं "हेडएंड ३०" न लिहिता "जेवताना आणि नंतर अर्धा तास वर, एरवी ३० किंवा खाली" असं लिहा. पण खुब्याची अट इथेच आडवी येते: बसवताना खुबा ९० अंशांपेक्षा जास्त वाकता कामा नये.

डॉ_अस्थि

डॉक्टरांच्या बाजूने एक तक्रार. "डॉक्टर इन्फॉर्म्ड" या दोन शब्दांतून काहीच कळत नाही. कोणाला, किती वाजता, नेमके कोणते आकडे सांगितले, आणि उत्तर काय मिळालं? अर्ध्या वेळा फोनवर "पेशंटला बरं वाटत नाहीये सर, येऊन बघा ना" एवढंच कानावर येतं.

लीड्सकर

डॉक्टर, त्यासाठी एसबीएआर: परिस्थिती, पार्श्वभूमी, तुमचा अंदाज, तुमची मागणी. या बाईंना दुपारी तीनला बघूया:

"मी ऑर्थो वॉर्डातून बोलतेय, खाट ७. बीपी ९८/६०, नाडी ११८, श्वसन २४, ऑक्सिजनशिवाय सॅच्युरेशन ९२, ताप नाही, शुद्ध आहेत. काल हेमिआर्थ्रोप्लास्टी, सकाळी उभं करताना चक्कर येऊन बीपी १०४ झालं होतं. ड्रेनमध्ये सकाळपासून ३५० मिली, लघवी सहा तासांत ११० मिली. मला रक्तस्रावाची शंका आहे. तुम्ही १० मिनिटांत येऊन बघावं. तोवर ऑक्सिजन सुरू करू का, आणि सीबीसी (रक्ततपासणी) आणि क्रॉसमॅचचं (रक्त चढवण्याआधीच्या जुळणीचं) रक्त काढून ठेवू का?"

इथे ब्रिटनमध्ये याच आकड्यांचा न्यूज-२ स्कोअर काढतात, पेशंट बिघडतोय हे लवकर ओळखायला. रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सची ही २०१७ ची आवृत्ती. श्वसन २४ ला २, सॅच्युरेशन ९२ ला २, बीपी ९८ ला २, नाडी ११८ ला २, बाकी शून्य. एकूण ८. ५ ला तातडीने बघायचं, ७ पासून पुढे आणीबाणी. यातला एकही आकडा सुटा बघितला तर फार भयंकर वाटत नाही, बेरीज वाटते. श्वसन खोटं १८ लिहिलं तर ८ चे ६ होतात. टीपीआर यांचा मुद्दा इथे किती महागात पडतो ते बघा.

कॉम्प्युटरवर नोंदी आल्याने सगळं सुटतं असं समजू नका. आधीच्या ड्यूटीची नोट एका क्लिकवर पुढे ओढता येते आणि मग काढलेला कॅथेटर दोन दिवस "चालू" राहतो.

नवखा_ब्रदर

तिकडे नॅन्डाची लेबलं, म्हणजे त्या संघटनेने ठरवलेली नर्सिंग डायग्नोसिसची नावं, वापरतात का?

लीड्सकर

बहुतेक ठिकाणी नाही. इथल्या वॉर्डांत रोपर-लोगन-टिअर्नी यांच्या रोजच्या जगण्याच्या १२ क्रियांवर बेतलेले फॉर्म जास्त दिसतात: श्वास, खाणं-पिणं, शौच, हालचाल, झोप वगैरे. समस्या साध्या वाक्यात लिहितात. काम अडत नाही.

शुश्रूषा_वर्ग

लेबलांवर वाद होणार हे माहीतच होतं. ऑर्लँडो यांनी १९६१ मध्ये नर्सच्या विचारपूर्वक कृतीबद्दल मांडलं. युरा आणि वॉल्श यांच्या १९६७ च्या मांडणीत पायऱ्या चारच होत्या, डायग्नोसिस वेगळं नव्हतं. १९७३ ला सेंट लुइसला वर्गीकरणाची पहिली परिषद झाली आणि १९८२ मध्ये नॅन्डा स्थापन झाली. म्हणजे आज पवित्र मानलेलं दुसरं पाऊल नंतर आलंय. माझं मत: शिकताना लेबल पाठ असावं, त्याने मुलं "पेशंट सिरियस" यापलीकडे विचार करायला लागतात. वॉर्डात मात्र "टाचा लाल, दाबल्यावर पांढऱ्या होत नाहीत" हे कुठल्याही लेबलपेक्षा मोलाचं.

शल्यवॉर्ड

लेबलाला माझा पूर्ण विरोध नाही, पण परीक्षेत लेबल चुकल्याबद्दल गुण कापतात आणि श्वसन न मोजल्याबद्दल कापत नाहीत, हे उरफाटं आहे.

रातपाळी

ओव्हर देताना, म्हणजे ड्यूटी बदलताना पेशंट पुढच्या सिस्टरकडे सोपवताना, काय सांगायचं तेही लिहा कोणीतरी. आमच्याकडे ओव्हर म्हणजे "खाट ७, हिप, काल झालंय, सगळं चालू आहे".

टीपीआर

ओव्हर खाटेजवळ द्या, टेबलाशी नको. देणारी आणि घेणारी दोघींनी मिळून चार गोष्टी डोळ्यांनी बघायच्या: सलाईनची बाटली आणि कॅन्युलाची जागा, ड्रेनचं माप, युरिन बॅग, ड्रेसिंग. कॅन्युलाची जागा दुखते, लाल आहे किंवा सुजली आहे, यातली दोन लक्षणं दिसली की कॅन्युला काढा. "उद्या बघू" नको. मग बोलायचं ते तीन वाक्यांत: आज काय बदललं, काय अर्धवट आहे, कुठल्या आकड्याला डॉक्टरांना उठवायचं. साखरेचंही तसंच. "जेवणाआधी एचजीटी २१८" (बोट टोचून मोजलेली साखर) एवढ्यावर थांबू नका. त्यावर किती युनिट दिलं, जेवण खरंच झालं का, पुढची तपासणी किती वाजता? ७० च्या खाली आली तर १५ ग्रॅम ग्लुकोज तोंडाने आणि १५ मिनिटांनी परत तपासणी, दोन्ही वेळांसकट लिहायचं.

सुधा_के

डिस्चार्जचं नियोजन राहिलं. ते घरी सोडायच्या दिवशी सुरू होतं, म्हणून फसतं. दाखल होतानाच्या निरीक्षणात पाच प्रश्न घाला: घरी संडास भारतीय की कमोड? झोपायला पलंग की खाली गादी? जिने किती? दिवसा सोबत कोण? इन्सुलिन कोण टोचतं? मागच्या बाजूने ऑपरेशन झालं असेल तर मांडी घालून बसणं, उकिडवं बसणं, पायावर पाय टाकणं, खाली वाकून वस्तू उचलणं हे सगळं सर्जन सांगेपर्यंत बंद. आपल्याकडच्या बाईचा दिवस याच हालचालींनी भरलेला असतो: विळीवर भाजी, देवासमोर पाट, पोछा. "हिप प्रिकॉशन्स समजावल्या" असं लिहून भागत नाही. त्यांच्याकडून परत वदवून घ्या आणि तेच लिहा: "संडासला उंच कमोड खुर्ची वापरेन, मांडी घालणार नाही, असं स्वतः सांगितलं. सुनेने वॉकरची उंची लावून दाखवली. इन्सुलिन टोचताना सिरिंज उलटी धरली, उद्या ०८:०० ला पुन्हा शिकवायचं."

नवखा_ब्रदर

पण सुधाताई, खुर्ची घ्यायची ऐपतच नसेल तर?

सुधा_के

मग तेच लिहा आणि समाजसेवा अधीक्षकांकडे पाठवा, तारीख टाकून. तोवर मधे भोक पाडलेली प्लॅस्टिकची खुर्ची चालते. पण खुर्चीचे पाय घसरणारे नकोत, आणि बसल्यावर गुडघे खुब्यापेक्षा खाली राहिले पाहिजेत. घरच्यांकडून खुर्चीची उंची आणि बाईंची गुडघ्यापर्यंतची उंची इंचांत मागवा, दोन्ही आकडे नोटमध्ये घ्या.